स्वाहिलीचे एम.ए. पुण्यात का होऊ नये?

पूर्व आफ्रिकेशी आपल्या लोकांची तिजारत शेकडो वर्षांची आहे. पण त्या मुलखाची भाषा एम.ए.पर्यंत शिकायची म्हटली तर पुण्याच्या मुलाला या शहरात जागा नाही. फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग आहे. जर्मन, फ्रेंच, रशियन, जपानी, स्पॅनिश या भाषा तिथे चांगल्या शिकवतात. त्या यादीत आफ्रिकेची भाषा नाही. मुंबई विद्यापीठात १९७१ पासून आफ्रिकन अध्ययन केंद्र आहे, पण तिथला भर राजकारण, अर्थकारण आणि समाज यांवर. दिल्ली विद्यापीठाचा विभाग १९५५ सालचा. तिथे स्वाहिली शिकवण्याची परंपरा आहे. भाषा आणि तिचे वाङ्मय यांची पदवी घ्यायची तर मात्र लोक लंडनकडे बोट दाखवतात.

व्यापाराच्या पानावर हे कशाला, असे कोणी विचारील. म्हणून आधी धंद्याचेच सांगतो.

केनिया, टांझानिया, झांझिबार इथल्या बायका कांगा नावाचे सुती कापड वापरतात. दोन सारखे तुकडे जोडीने विकले जातात. चहूबाजूंनी रुंद काठ, मध्ये नक्षी, आणि नक्षीखाली छापलेली स्वाहिलीतली एक ओळ. आईच्या मायेबद्दल, शेजारणीच्या जळफळाटाबद्दल, कधी नवऱ्याला टोमणा. बाई दुकानात आली की रंग पाहते, पोत पाहते आणि ओळ वाचते. ओळ मनाला लागली नाही तर कापड कितीही सरस असो, ती पुढच्या दुकानात जाते. असा माल गुजरातेत जेतपूरला छापून तिकडे जात आला आहे. छापणाऱ्याला ओळ वाचता येत नाही, विकणाऱ्यालाही नाही. ओळ येते मोंबासा किंवा दारेस्सलामच्या व्यापाऱ्याकडून, आणि ओळीबरोबर नफ्याचा मोठा हिस्सा त्याच्याकडेच राहतो. आपण मीटरच्या भावाने कापड मोजून देतो. चिनी माल आल्यापासून तोही भाव टिकत नाही.

माझे शिक्षण उर्दू माध्यमातले. स्वाहिलीचे पहिले पुस्तक हाती आले तेव्हा वाटले, ही तर आपल्याच मोहल्ल्यातली भाषा. व्यापार म्हणजे बियाशारा, बाजार म्हणजे सोको, दुकान म्हणजे दुका, हिशेब म्हणजे हेसाबु, नफा फाइदा, तोटा हसारा, कर्ज देनी. ही सारी अरबीच्या वाटेने गेली. हिंदुस्थानातून गेलेली वेगळीच: पेसा, लाकी म्हणजे लाख, बिमा म्हणजे विमा, गुनिया म्हणजे गोणी. आकड्यांत सिता, साबा, तिसा; पुढे इशिरिनी, थेलाथिनी. गुरुवार अल्हामिसी, शुक्रवार इजुमा. आणि जुम्म्यानंतर गणती नव्याने सुरू होते: शनिवार हा जुमामोसी, म्हणजे पहिला, रविवार जुमापिली, म्हणजे दुसरा. उर्दू शाळेतल्या पोराला हे समजावून सांगायला मास्तराला किती वेळ लागेल?

पण शब्द ओळखीचे निघाले म्हणजे भाषा आली असे नव्हे. इथेच आपले लोक फसतात. स्वाहिलीत एक पुस्तक म्हणजे किताबु, आणि अनेक पुस्तके म्हणजे विताबु. अरबी ‘किताब’मधला ‘कि’ त्या भाषेने आपल्या प्रत्ययासारखा धरला आणि आपल्या नियमाने बदलला. घड्याळाचे तसेच. दिवस सकाळी सहापासून मोजतात, म्हणून ‘सा मोजा’, शब्दशः एक वाजला, म्हणजे आपले सकाळचे सात. ‘सा म्बिली’ची भेट ठरली आणि आपला माणूस दुपारी दोनला पोचला, तर त्याची वाट पाहून गिऱ्हाईक केव्हाच निघून गेलेले असते.

तीन महिन्यांचा बोलचालीचा वर्ग काढा, एम.ए. कशाला, असे काही मित्र म्हणतात. बोलचालीच्या वर्गाने भाव करता येईल. करारनामा वाचता येणार नाही, कोर्टातला कागद समजणार नाही, कांग्यावरची नवी ओळ तर सुचणारच नाही. शिवाय त्या तीन महिन्यांच्या वर्गाला शिकवणारा मास्तर आणायचा कोठून? मराठी-स्वाहिली किंवा उर्दू-स्वाहिली असा धड कोश लिहायचा कोणी? ही कामे पदव्युत्तर अभ्यास केलेल्या माणसाचीच.

आणखी एक गोष्ट आपल्या मुलांच्या फायद्याची आहे. युरोपियनांनी रोमन लिपी रूढ करण्यापूर्वी स्वाहिली अरबी लिपीत लिहीत. लामू, मोंबासा, झांझिबारची जुनी पत्रे, काव्ये त्या लिपीत आहेत, आणि त्यांतला मोठा साठा आज लंडनच्या ‘सोआस’ या संस्थेत आहे. तिथल्या बहुतेक विद्यार्थ्यांना आधी ती लिपी शिकावी लागते. आपल्या उर्दू शाळेतली मुलगी अलिफ-बे सहाव्या वर्षी गिरवते. उर्दूने पोट भरत नाही म्हणून आपण मुलांना इंग्रजी शाळांत घालत सुटलो आहोत. जी लिपी हाती आहे तिच्या बळावर कोणती दारे उघडतील याची चौकशी कोणी करत नाही.

तिकडे इंग्रजी चालते, हा आक्षेप निम्मा खरा आहे. बँकेत चालते, मोठ्या आयातदाराकडे चालते. पेठेतल्या दुक्यावर नाही. चीनने बीजिंगमध्ये १९६० च्या दशकातच स्वाहिली शिकवायला सुरुवात केली. ती काही हौस म्हणून नव्हे. युनेस्कोने २०२१ साली ७ जुलै हा स्वाहिली दिन ठरवला, आणि बोलणारे वीस कोटींहून अधिक असल्याचे तिचे म्हणणे आहे. हौसा, अम्हारिक, झुलू याही मोठ्या भाषा आहेत, पण सुरुवात एकीने करावी.

नोकरीचे म्हणाल तर शंभर मुलांना काम मिळेल असे मी म्हणणार नाही. दहाजणांना मिळेल: निर्यातदारांकडे, भाषांतरात, टांझानिया-केनियाहून उपचारासाठी येणाऱ्या रुग्णांसोबत दुभाषा म्हणून. दहा पुरे आहेत.

एक कडू गोष्टही लिहून ठेवतो. आपला ‘बेपारी’ हा शब्द तिकडे गेला आणि तिथे त्याचा अर्थ भांडवलदार, नफेखोर असा झाला. राष्ट्राध्यक्ष न्येरेरे यांनी शेक्सपिअरच्या ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’चा अनुवाद १९६९ मध्ये काढला, त्याचे नाव ‘माबेपारी वा वेनिसी’. (बेपारी आडनावाच्या वाचकांनी मनावर घेऊ नये.) दोन पिढ्या त्या लोकांत राहून आपल्या दुकानदारांनी हिशेबापुरती स्वाहिली शिकली, त्यांची पुस्तके वाचली नाहीत. १९७२ साली इदी अमीनने युगांडातून आशियाई लोकांना काढले, त्यामागे कारणे पुष्कळ होती. हा दुरावा त्यांतला एक.

तेव्हा करायचे काय? डेक्कन कॉलेजात भाषाशास्त्राचे एम.ए. आहे, कॅम्पातल्या पूना कॉलेजात आणि आझम कॅम्पसमध्ये आपली मुले शिकतात. पुण्यात शिकायला येणारे केनिया-टांझानियाचे विद्यार्थी कॅम्पातल्या दुकानदारांना चांगले ठाऊक आहेत. बोलण्याच्या सरावाला ते मिळतील. कापड व्यापाऱ्यांनी मिळून दरवर्षी दोन शिष्यवृत्त्या द्याव्यात, दहावीच्या बक्षीस समारंभाचा थोडा खर्च वाचवून. विद्यापीठाकडे अर्ज नंतर करावा. विद्यार्थी आणि पैसा आधी दाखवला की अर्जाला वजन येते. आणि ज्या मेमन, बोहरा, कच्छी घराण्यांत मोंबासा-झांझिबारच्या जुन्या वह्या, पत्रे, हुंड्या पडून असतील, त्यांनी त्या रद्दीत देऊ नयेत. पहिल्या विद्यार्थ्याला प्रबंधासाठी विषय लागेलच.