माशांच्या टाकीलाही घडवंचीच हवी

या समूहावर वाड्यांच्या, शाळांच्या, सणांच्या आठवणी येतात. आज मी घडवंचीची आठवण काढतोय, पण कारण आजचंच आहे. आपल्या बेळगावात शहापूर, वडगावकडची कितीतरी कुटुंबं वाडे सोडून अपार्टमेंटमध्ये गेली. हॉलमध्ये माशांची काचेची टाकी आली. ती ठेवतात कशावर? टीव्हीच्या शोकेसवर, नाहीतर पार्टिकल बोर्डाच्या टेबलावर. मला हे साफ नामंजूर आहे.

आधी हिशेब मांडू, बँकेतली सवय. टाकी ४ फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच धरा. झाले ९ घनफूट. एका घनफुटात सुमारे २८ लिटर, म्हणजे २५० लिटर पाणी, म्हणजेच २५० किलो. १० मिलिमीटरची काच असेल तर तिचे ५० किलो. तळाला दोन इंच खडी, तिचे चाळीसेक. सगळं मिळून साडेतीनशे किलोच्या आसपास. पाच धडधाकट माणसं शोकेसवर रात्रंदिवस उभी आहेत असं समजा. आम्ही तारण बघितल्याशिवाय कर्ज देत नव्हतो. इथे लोक एवढं वजन एका फळीच्या जिवावर सोडून झोपी जातात!

आमच्या आजीच्या स्वयंपाकघरात घडवंची होती. तिच्यावर भरलेले तांब्याचे हंडे. सुतारानं वरची चौकट पायांच्या बाजूला खिळ्यांनी टांगली नव्हती, पायांच्या डोक्यावर बसवली होती. वाड्यातही तेच. खांबावर तुळई, तुळईवर कड्या. वजन लाकडावरून लाकडावर उतरत जमिनीत जायचं.

माझं सगळं म्हणणं एवढंच आहे. स्टँड घरी करा, जरूर करा, पण भार स्क्रूवर टाकू नका. स्क्रूचं काम तुकडे जागच्या जागी धरून ठेवायचं. वरची चौकट पायांवर टेकलेली हवी, नाहीतर पायाला खाच पाडून तीत बसवलेली. ४ फुटांच्या टाकीला मध्येही दोन पाय द्या, म्हणजे चौकट वाकणार नाही. सागवानच पाहिजे असं काही नाही. सरळ, वाळलेलं, गाठी नसलेलं लाकूड पुरे.

दुसरी गोष्ट डुलण्याची. उभा भार पेलणारा स्टँडसुद्धा बाजूनं धक्का बसला तर कलंडतो. नातवंडं मासे बघायला टाकीला रेलतात, कडेला लोंबकळतात, हे विसरू नका. म्हणून मागच्या बाजूला आणि दोन्ही कडांना प्लायवूड ठोका, किंवा तिरक्या पट्ट्या द्या. ही पन्नास रुपयांची काटकसर करायची जागा नव्हे.

तिसरी गोष्ट पातळीची. स्टँड तसूभर तिरका असला तरी काचेला पीळ बसतो आणि सांधे ताणले जातात. पाचर द्यायची ती स्टँडच्या पायाखाली, टाकीखाली कधीच नाही. तळाची काच थेट टेकत असेल तर खाली थर्माकोलचा पातळ थर घाला. आणि लाकडाला सगळ्या बाजूंनी, खालूनसुद्धा, पॉलिश किंवा रंग द्या. पाणी सांडणारच.

राहिली जागा. घराच्या स्लॅबचा हिशेब साधारणपणे चौरस मीटरला २०० किलो धरून करतात. आपली टाकी अर्ध्या चौरस मीटरपेक्षा थोड्याच जास्त जागेवर साडेतीनशे किलो ठेवते. म्हणून हॉलच्या मधोमध नको, भिंतीलगत, बीमजवळ ठेवा. टाकी याहून मोठी असेल तर इंजिनिअरला विचारा. वाड्याच्या कडीपाटाच्या माडीवर तर ठेवूच नका.

कुणी म्हणेल, तयार स्टँड मिळतो की! मिळतो, आणि चांगला वेल्डिंग केलेला लोखंडी स्टँड उत्तमच. उद्यमबागेत आपल्याकडे हाताला कसब असलेली माणसं आहेत. पण विकत घेतानाही खाली वाकून बघा, वरची पट्टी पायावर बसली आहे की बाजूला लटकली आहे. आणि मिस्त्रीला नुसता मोबाईलमधला फोटो दाखवू नका, वजन सांगा. वजन कळलं की पाय किती जाड हवा ते तोच तुम्हाला सांगेल.

कुणाच्या घरी जुनी घडवंची अजून असेल तर तिचा फोटो इथे टाका. पाय वर कसे जोडलेत ते दिसेल असा काढा. पुढच्या पिढीच्या सुताराला आणि आजोबांना, दोघांनाही उपयोगी पडेल.