खपाचे पुस्तक आणि माळ्यावरचे पुस्तक

वरळी कोळीवाड्यातील एका ख्रिस्ती घराच्या माळ्यावर, जुन्या जाळ्यांच्या शेजारी, एका कादंबरीचे गठ्ठे पडून आहेत. लेखकाने ती स्वखर्चाने छापली. पाचशे प्रती काढल्या. शंभरेक ‘सप्रेम भेट’ म्हणून वाटल्या गेल्या, चाळीस-पन्नास विकल्या गेल्या आणि उरलेल्या पावसाळ्यात ओल लागू नये म्हणून प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवल्या आहेत. घराला आशीर्वाद देण्यासाठी आम्ही तेथे गेलो असता त्या गृहस्थांनी विचारले, “फादर, काही पुस्तकांच्या आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघतात, मग आमचंच पुस्तक कुणी हातात का घेत नाही?”

नशीब, देवाची इच्छा असे काहीबाही बोलून आम्ही वेळ मारून नेली. ते उत्तर खोटे होते. खरे उत्तर आम्ही येथे देत आहोत आणि ते लेखकापेक्षा आपणां वाचकांना अधिक झोंबावे, अशी आमची इच्छा आहे.

या प्रश्नाची दोन उत्तरे आपल्याकडे तयार असतात. पहिले असे की, पुस्तक जाहिरातीच्या जोरावर खपते. दुसरे असे की, लोकांना हलकेफुलके हवे असते, सकस साहित्याला गिऱ्हाईक नसते. दोन्ही उत्तरे लंगडी आहेत. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली आणि ती १९३५ साली प्रसिद्ध झाली. आचार्य अत्रे यांचा चित्रपट आला तो १९५३ साली, म्हणजे अठरा वर्षांनी. ते पुस्तक आयांनी मुलांना वाचून दाखवले, शिक्षकांनी बक्षीस म्हणून दिले, म्हणून ते घरोघरी पोहोचले. शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ ही १९६७ सालची कादंबरी जाडजूड आहे आणि तिची भाषा संस्कृतप्रचुर आहे. तिला हलकीफुलकी कोण म्हणेल? दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८ साली ‘ग्रंथाली’ने काढले. ते मनोरंजन करणारे नव्हे, जाळणारे पुस्तक. पण ‘ग्रंथाली’ ही वाचकांची चळवळ होती आणि त्या वाचकांनी ते महाराष्ट्रभर बोलते केले.

परदेशातील एक उदाहरण आपल्या लेखकबंधूच्या फार जवळचे आहे. विल्यम पॉल यंग या गृहस्थांनी ‘द शॅक’ ही कादंबरी आपल्या सहा मुलांसाठी लिहिली आणि आरंभी तिच्या अवघ्या पंधरा प्रती काढल्या. प्रकाशकांनी नकार दिल्यावर दोन मित्रांनी त्यासाठी स्वतःच संस्था काढून २००७ साली ती छापली आणि पुढील वर्षी ती अमेरिकेतील सर्वाधिक खपाच्या यादीत अग्रस्थानी पोहोचली. तिच्यातील ईशज्ञानाविषयी अनेकांचे गंभीर आक्षेप आहेत. परंतु ती खपली कशी, हे सर्वांना दिसले. ज्याने वाचली त्याने ती दुसऱ्याच्या हाती दिली.

आमचे म्हणणे एवढेच आहे. पुस्तक छापतो मुद्रक, पण त्याला चालवतात वाचकांची तोंडे. जे पुस्तक माणसाला शेजाऱ्यापाशी बोलल्यावाचून राहवत नाही, ते खपते. गुण असूनही ज्याच्याविषयी कुणी बोलत नाही, ते माळ्यावर जाते.

आपल्या पूर्वजांना हे ठाऊक होते. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यातील राचोल येथे छापले गेले. सतराव्या शतकातच त्याच्या आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. पुढे पोर्तुगीज सत्तेने लोकभाषेवर वरवंटा फिरवला. त्या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज आपल्या हाती नाही. तरीही सुमारे अकरा हजार ओव्यांचा तो ग्रंथ जगला, कारण भाविकांनी तो हाताने उतरवून घेतला, घरांत आणि देवळांत वाचला. १९०७ साली मंगळूरला तो पुन्हा छापला गेला, तो या हस्तलिखितांच्या आधारे. ज्यांनी अकरा हजार ओव्या बोरूने उतरवल्या, त्यांचे वारसदार आज एक छापील कादंबरी विकत घेण्यास कां-कूं करतात!

वाचकहो, आपल्याला पुस्तकांविषयी बोलता येत नाही असे मात्र नाही. डॅन ब्राऊन यांची ‘द दा विंची कोड’ २००३ साली आली. २००६ साली तिच्यावरील चित्रपट आला तेव्हा मुंबईत ख्रिस्ती संघटनांनी निदर्शने केली. श्रद्धा दुखावली गेली होती, तो संताप आम्ही समजू शकतो. पण आम्ही धर्मगुरूंनी व्यासपीठावरून त्या पुस्तकाचे नाव इतक्या वेळा घेतले की, ज्याने ते ऐकलेही नव्हते तोही पदपथावरून प्रत घेऊन आला. ज्याने आपली निंदा केली त्याचा प्रचार आपण फुकट केला. आपल्या माणसाच्या कादंबरीविषयी रविवारच्या मिस्सेनंतर एक वाक्य उच्चारण्यास मात्र आपल्याला सवड झाली नाही.

आपली रीत वेगळी आहे. आपण लेखकाला शाल आणि नारळ देतो. तेवढ्या पैशांत त्याच्या दोन-तीन प्रती आल्या असत्या. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांना ‘सुबोध बायबल’साठी २०१३ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. २०२० साली ते उस्मानाबाद येथील मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. आपण अभिमानाने सत्कार केले. २०२४ साली ते देवाघरी गेले, तेव्हा आपण श्रद्धांजली वाहिली. प्रत्येकाने आपल्या घरातील कपाट उघडून पाहावे. त्यांचे एक तरी पुस्तक तेथे आहे काय?

“मुले इंग्रजी माध्यमात जातात, मराठी कोण वाचणार?” असे पालक म्हणतात. मुलांचे सोडा, आपण वाचता काय? दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. स्वखर्चाने छापलेली पुस्तके बहुधा कच्ची असतात, असे लोक म्हणतात आणि ते पुष्कळदा खरे असते. आमच्या लेखकबंधूलाही आम्ही स्पष्ट सांगू इच्छितो : आपल्या कादंबरीला संपादकाचा हात लागलेला नाही, शुद्धलेखनाच्या चुका आहेत आणि शेवटच्या प्रकरणात पात्रे बोलायची थांबून प्रवचन करू लागतात. प्रवचन आमच्यावर सोपवावे. पण हे त्यांना आजवर कुणी सांगितले? प्रकाशनाच्या दिवशी न वाचता स्तुती करणारे आपण सारे त्यांच्या अपयशाचे भागीदार आहोत.

आणि त्या कादंबरीत काय आहे, हे ठाऊक आहे? वरळीच्या एका नाखव्याचे घर आहे, वाऱ्याची आणि भरती-ओहोटीची कोळी नावे आहेत, आजीची प्रार्थना आहे. सागरी किनारा मार्गाच्या पुलाखालून होड्या सुखरूप जाव्यात म्हणून येथील मच्छीमार झगडले आणि दोन खांबांमधील अंतर ६० मीटरांवरून १२० मीटर करण्याचे डिसेंबर २०२२ मध्ये मान्य झाले. वर्तमानपत्रांत ते मीटर आले. त्या वाटेने बापामागून मुलगा समुद्रात कसा गेला, ते या कादंबरीत आले आहे. आपण आपली पुस्तके विकत घेतली नाहीत, तर उद्या आपली ओळख हिंदी चित्रपटातील दारूच्या बाटलीसह डुलणाऱ्या ख्रिस्ती पात्रावरूनच होईल आणि तक्रार करण्याचा अधिकार आपल्याला उरणार नाही.

म्हणून आमचे मागणे साधे आहे. सप्रेम भेट मागू नका. पैसे देऊन प्रत घ्या. प्रथम कम्युनियनच्या आणि लग्नाच्या आहेरात एक मराठी पुस्तक ठेवा. वाचून झाल्यावर ते शेजारी द्या, आणि आवडले नाही तर लेखकाला तसे तोंडावर सांगा.

आता आमची कबुली. ती कादंबरी लेखकाने आम्हांलाही भेट दिली होती आणि ती आमच्या टेबलावर आठ महिने न उघडता पडून होती. घराला आशीर्वाद देऊन परतल्यावर आम्ही ती दोन रात्रींत वाचली. गेल्या रविवारी लेखकाला तिचे पैसे दिले, ते घेत नव्हते तरी दिले, आणि धर्मग्रामाच्या वाचनालयासाठी आणखी पाच प्रती मागून घेतल्या. माळ्यावर अजून बऱ्याच शिल्लक आहेत.