पडीक म्हणजे रिकामे नव्हे

भीमाशंकरचे अभयारण्य १९८५ साली झाले, ते शेकरूसाठी. २०१५ साली 'ब्ल्यू मॉरमॉन' हे राज्याचे फुलपाखरू ठरले. दोन्ही देखणी, दोन्ही झाडीतली. पण जुन्नर-आंबेगावच्या माळावरल्या इवल्याशा तपकिरी फुलपाखराची बाजू कोणी घ्यायची?

'कॉमन फोररिंग' हे त्याचे इंग्रजी नाव. पंख पसरले तरी तीन-चार सेंटिमीटर. उंच उडणे त्याला ठाऊक नाही. गवताच्या पात्यांतून ते अडखळत जाते. मागच्या पंखाखाली डोळ्यांसारखी चार वर्तुळे असतात. पावसाळ्यात ती ठळक दिसतात. पक्ष्याची चोच अंगाऐवजी पंखाच्या कडेवर पडावी, हा त्यांचा उपयोग. कोरड्या दिवसांतल्या पिढीत त्यांचे नुसते ठिपके उरतात आणि फुलपाखरू वाळल्या गवतात मिसळून जाते. त्याची अळी गवतच खाते. म्हणजे गवत हेच त्याचे अन्न, घर आणि पांघरूण!

तेच गवत आपण उन्हाळ्याच्या तोंडाला पेटवतो. का, तर पुढच्या साली चांगले फुटते म्हणून. वणव्यातून वाचलेला माळ 'पडीक' ठरतो आणि तिथे झाडांसाठी खड्डे पडतात. झाडे हवीतच, पण माळ मोडून नव्हेत. गुरांना चाराही हवा. त्यासाठी गवत कापावे. कापलेल्या गवताचे बुडखे तरी राहतात, जळालेल्याची फक्त राख होते.

राष्ट्रीय सेवा योजनेच्या आपल्या शिबिरात यंदा खड्ड्यांऐवजी जाळरेषा काढाव्यात, अशी माझी सूचना आहे. वाळल्या पात्यासारखे दिसून पक्ष्याला चकवता येते, आगीला नाही.