विश्लेषण : बँकांच्या वेबसाइटचे पत्ते बदलले, पण जुन्या पत्त्यांचं काय?

तुमच्या बँकेच्या वेबसाइटचा जुना पत्ता मोबाइलवर टाइप करून पाहा. बहुधा वेबसाइट उघडेल, पण वरच्या पट्टीतला पत्ता वेगळा दिसेल. आधीचं 'डॉट कॉम' किंवा 'डॉट को डॉट इन' जाऊन शेवटी 'डॉट बँक डॉट इन' आलेलं असेल. स्टेट बँकेचा पत्ता आता 'एसबीआय डॉट बँक डॉट इन' आहे, एचडीएफसी बँकेचा 'एचडीएफसी डॉट बँक डॉट इन'.

हा बदल कशासाठी झाला, जुन्या पत्त्यावरून नव्यावर आपण कसे पोहोचतो आणि पुढच्या काही वर्षांत यात धोका कुठे आहे, ते समजून घेऊया. दुकान, क्लास, संस्था किंवा ब्लॉगची स्वतःची वेबसाइट असलेल्यांनाही हेच नियम लागू पडतात.

नेमकं काय बदललं?

७ फेब्रुवारी २०२५ रोजी पतधोरण जाहीर करताना रिझर्व्ह बँकेने भारतीय बँकांसाठी 'डॉट बँक डॉट इन' या खास डोमेनची घोषणा केली. २२ एप्रिल २०२५ च्या परिपत्रकात बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत नव्या पत्त्यावर जाण्यास सांगण्यात आलं. ही डोमेन देण्याचा अधिकार फक्त हैदराबादच्या 'आयडीआरबीटी' या रिझर्व्ह बँकेने स्थापन केलेल्या संस्थेकडे आहे.

कारण सरळ आहे. 'डॉट कॉम' किंवा साधं 'डॉट इन' डोमेन कोणीही विकत घेऊ शकतं. बँकेच्या नावात एखादं अक्षर किंवा आडवी रेघ घालून हुबेहूब पत्ता बनवायचा, त्यावर बनावट लॉगिन पान टाकायचं आणि ग्राहकांना मेसेज पाठवायचा, हा फसवणुकीचा जुना मार्ग. 'डॉट बँक डॉट इन' मात्र फक्त बँकांनाच मिळतं.

परिपत्रक सहकारी बँकांनाही लागू होतं. देशात सर्वाधिक नागरी सहकारी बँका महाराष्ट्रात आहेत. त्यातल्या अनेकांकडे मोठा आयटी विभाग नसतो, वेबसाइट बाहेरचा कंत्राटदार सांभाळतो. त्यामुळे हा विषय मुंबईतल्या मोठ्या मुख्यालयांपुरता उरत नाही.

डीएनएस म्हणजे काय?

इंटरनेटवरचे कॉम्प्युटर एकमेकांना आकड्यांनी ओळखतात. आपल्याला नावं लक्षात राहतात. नावावरून आकडा शोधून देणारी व्यवस्था म्हणजे डोमेन नेम सिस्टीम, अर्थात डीएनएस. फोनमध्ये आपण 'मावशी' शोधतो आणि फोन नंबर लावतो, तसंच. ही व्यवस्था १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी मांडली आणि आजही तीच चालते.

एका डोमेनच्या नावाखाली अनेक नोंदी असतात. 'ए' नोंद वेबसाइट कोणत्या सर्व्हरवर आहे ते सांगते. 'एमएक्स' नोंद ई-मेल कुठे पोहोचवायचा ते सांगते. 'सीनेम' नोंद म्हणते, 'या नावासाठी त्या दुसऱ्या नावाकडे पाहा.' 'टीएक्सटी' नोंदीत ई-मेल खरा आहे का, हे तपासण्याची माहिती ठेवता येते.

यातली एक नोंद गेली तरी काय होतं, ते २० ऑक्टोबर २०२५ रोजी जगाने पाहिलं. ॲमेझॉनच्या क्लाउड सेवेत एका महत्त्वाच्या डेटाबेसची डीएनएस नोंद स्वयंचलित यंत्रणेतल्या दोषामुळे रिकामी झाली. डेटाबेस जागेवर होता, त्याचा पत्ता सापडत नव्हता. स्नॅपचॅटसह अनेक ॲप्स काही तास अडखळली.

मग जुन्या पत्त्यावरून नव्यावर कसे जातो?

इथे एक गैरसमज होतो. डीएनएस फक्त सर्व्हर दाखवतं, ते कोणाला एका पत्त्यावरून दुसऱ्यावर पाठवत नाही. पाठवण्याचं काम वेब सर्व्हर करतो. तुमचा ब्राउझर जुन्या पत्त्यावर जातो, तिथला सर्व्हर उत्तर देतो, 'आम्ही जागा बदलली, आता इकडे जा.' यालाच फॉरवर्डिंग किंवा रीडायरेक्ट म्हणतात.

या उत्तराचे दोन मुख्य प्रकार आहेत. ३०१ म्हणजे कायमचं स्थलांतर, ३०२ म्हणजे तात्पुरतं. ३०१ मिळालं की सर्च इंजिन जुन्या पत्त्याची ओळख नव्याला जोडतात. ब्राउझरही ते लक्षात ठेवतात, त्यामुळे चुकीचं ३०१ दिलं तर दुरुस्तीनंतरही काही लोक चुकीच्या जागी जात राहतात. म्हणून आधी ३०२ लावून तपासायचं आणि खात्री पटल्यावर ३०१ करायचं.

याचा अर्थ असा, की जुना पत्ता चालू राहण्यासाठी तीन गोष्टी जिवंत राहाव्या लागतात: जुन्या डोमेनची मालकी, त्याच्या डीएनएस नोंदी आणि उत्तर देणारा सर्व्हर. त्या सर्व्हरवर जुन्या नावाचं सुरक्षा प्रमाणपत्रही हवं. ते संपलं तर नव्या पत्त्यावर पोहोचण्याआधीच ब्राउझर 'ही साइट सुरक्षित नाही' असा इशारा देतो.

जुना पत्ता सोडून दिला तर?

खरा प्रश्न हाच आहे. डोमेन आपल्या मालकीचं कधीच होत नाही, ते मुदतीने मिळतं. पैसे भरले नाहीत तर ते सुटतं. 'डॉट कॉम'सारख्या डोमेनमध्ये आधी नूतनीकरणाची थोडी सवलत मिळते, नंतर जादा पैसे भरून परत घेण्यासाठी ३० दिवस, आणि त्यानंतर ५ दिवसांनी ते कोणालाही घेता येतं.

डिसेंबर १९९९ मध्ये मायक्रोसॉफ्टकडून 'पासपोर्ट डॉट कॉम'चे ३५ डॉलर भरायचे राहिले. हॉटमेलचं लॉगिन त्याच डोमेनवर अवलंबून होतं. शेवटी एका प्रोग्रॅमरने स्वतःच्या कार्डावरून पैसे भरले. तिथे भला माणूस भेटला.

अलीकडचं उदाहरण जास्त बोलकं आहे. 'डॉट मोबी' डोमेनची माहिती देणारा सर्व्हर नव्या पत्त्यावर गेला आणि जुन्या पत्त्याची मुदत डिसेंबर २०२३ मध्ये संपली. २०२४ मध्ये 'वॉचटॉवर' या सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी तो जुना पत्ता अवघ्या २० डॉलरना विकत घेतला. काही दिवसांतच १ लाख ३५ हजारांहून जास्त यंत्रणांनी त्या पत्त्यावर विचारणा केली. त्यात सरकारी आणि लष्करी यंत्रणाही होत्या. नवा पत्ता जाहीर झालेला होता, पण जुना पत्ता जगभरच्या सॉफ्टवेअरमध्ये तसाच लिहिलेला राहिला होता.

बँकांचंही तसंच आहे. जुना पत्ता पासबुकवर, जुन्या ई-मेलमध्ये, बातम्यांच्या लिंकमध्ये आणि लाखो लोकांच्या बुकमार्कमध्ये आहे. एखाद्या बँकेने चार वर्षांनी 'आता याची गरज काय' म्हणून जुनं डोमेन सोडलं, तर ते घेणाऱ्याला नक्कल करण्याची गरजही उरणार नाही. ग्राहकांना अनेक वर्षं खरा म्हणून माहीत असलेला पत्ताच त्याच्या हातात जाईल. फसवणूक थांबवण्यासाठी केलेला बदल फसवणुकीला दार उघडून देईल.

ई-मेलचा धोका आणखी मोठा आहे. फॉरवर्डिंग फक्त वेबसाइटचं होतं, ई-मेलचं नाही. डोमेन ज्याच्या हातात जातं, तो नवी 'एमएक्स' नोंद टाकून जुन्या पत्त्यांवर येणारे सगळे मेल वाचू शकतो. त्यात पासवर्ड बदलण्याच्या लिंकही असतात.

मालकी आहे, तरी धोका?

हो. २०२५ मध्ये 'इन्फोब्लॉक्स' या कंपनीने 'हेझी हॉक' नावाच्या टोळीची माहिती दिली. अमेरिकेच्या 'सीडीसी' या सरकारी आरोग्य संस्थेची काही उपडोमेन या टोळीने वापरली होती. मुख्य डोमेन सीडीसीकडेच होतं. पण बंद केलेल्या क्लाउड सेवांकडे बोट दाखवणाऱ्या 'सीनेम' नोंदी तशाच पडून होत्या. टोळीने त्याच नावाने क्लाउडवर जागा घेतली आणि सरकारी पत्त्यावर तिची पानं दिसू लागली. भाड्याची खोली सोडली, पण दारावरची आपली पाटी काढली नाही, असा हा प्रकार.

तुमची स्वतःची वेबसाइट असेल तर काय कराल?

• डोमेन कोणाच्या नावावर आहे ते आजच पाहा. अनेकदा ते वेबसाइट बनवून देणाऱ्याच्या खात्यात असतं. ते तुमच्या किंवा संस्थेच्या खात्यात घ्या आणि दुहेरी पडताळणी सुरू करा.

• खात्याचा ई-मेल त्याच डोमेनवरचा ठेवू नका. डोमेन बंद पडलं तर नूतनीकरणाची आठवणही पोहोचणार नाही.

• नेमसर्व्हर बदलण्याआधी सगळ्या जुन्या नोंदींची यादी करून त्या नव्या जागी आधीच भरा. वेबसाइट चालते, पण ई-मेल बंद पडतो, ही तक्रार बहुतेक वेळा 'एमएक्स' नोंद राहून गेल्यामुळे येते.

• प्रत्येक नोंदीला 'टीटीएल' असतो, म्हणजे इतरांनी ती किती सेकंद लक्षात ठेवायची. तो ८६४०० असेल तर बदल सगळीकडे दिसायला एक दिवस लागू शकतो. बदलाच्या एक-दोन दिवस आधी तो ३०० करा.

• जुन्या साइटचं प्रत्येक पान नव्या साइटवरच्या त्याच पानाकडे पाठवा. सगळं मुखपृष्ठावर ढकललं तर वाचक आणि सर्च इंजिन दोघांचाही गोंधळ होतो.

• 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू'सह आणि त्याशिवाय, दोन्ही पत्ते तपासा.

• फॉरवर्डिंग किमान वर्षभर ठेवा, असं गूगल सांगतं. डोमेनची मालकी मात्र त्याहून बरीच वर्षं ठेवा. जुन्या डोमेनवर मेल वापरात नसेल, तर त्यावरून कोणीही मेल पाठवत नाही अशी 'टीएक्सटी' नोंद टाका.

• बंद केलेल्या सेवांच्या नोंदी दर सहा महिन्यांनी शोधून काढून टाका.

ग्राहक म्हणून काय पाहायचं?

पत्ता उजवीकडून वाचायची सवय लावा. पहिल्या तिरप्या रेघेच्या आधीचा शेवटचा भाग 'डॉट बँक डॉट इन' असाच हवा. 'बँक' आणि 'इन' यांच्यामध्ये टिंबाऐवजी आडवी रेघ असेल, किंवा 'डॉट इन'नंतर आणखी एखादं नाव जोडलेलं असेल, तर ती साइट बँकेची नाही. पतसंस्था बँक नसते, त्यामुळे तिच्या पत्त्यात हे डोमेन नसणं यात गैर काही नाही. उलट पतसंस्था स्वतःला बँक म्हणवत असेल, तर जरूर चौकशी करा.

तुम्ही सहकारी बँकेचे सभासद असाल, तर येत्या वार्षिक सभेत एक साधा प्रश्न विचारा: आपलं जुनं डोमेन कोणाच्या नावावर आहे आणि त्याची मुदत कधी संपते? साधारण 'डॉट कॉम' डोमेनला वर्षाला हजार-दीड हजार रुपये लागतात. एका ग्राहकाची फसवणूक झाली तरी नुकसान याच्या कित्येक पट असतं.