फुकटच्या कोशाचं बिल कोण भरतं?

काय दोस्तांनो, प्रकल्पाच्या वह्या पूर्ण झाल्या का? 'ज्वालामुखी' म्हणून शोधा नाहीतर 'शिवनेरी' म्हणून, विकिपीडियाचं पान बहुतेक वेळा वरच सापडतं. वाचायला पैसे पडत नाहीत, नाव नोंदवावं लागत नाही, मधेच साबणाची जाहिरातही उड्या मारत येत नाही. मात्र कधीकधी पानाच्या माथ्यावर एक चौकट उघडते आणि देणगी मागते. मग घरात कुणीतरी म्हणतंच, "अरे, फुकट आहे ना? मग पैसे कसले मागतायत?"

प्रश्न रास्त आहे. आणि तो आजचा नाही बरं का!

जरा शंभर वर्षं मागे चला. श्रीधर व्यंकटेश केतकर अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाची डॉक्टरेट घेऊन परत आले, ते एक ध्यास घेऊनच. जगभरचं ज्ञान मराठीत आणायचं! पण पैसा? ना राजाश्रय, ना सरकारी मदत. तेव्हा या गृहस्थाने नागपूरला चक्क एक कंपनी काढली. तिचे भाग विकले, वर्गणीदार गोळा केले. कोश अजून छापलेलाही नाही आणि लोक त्यासाठी पैसे मोजतायत, अशी गंमत! १९२० च्या दशकात 'महाराष्ट्रीय ज्ञानकोशा'चे २३ खंड बाहेर पडले. त्यातली नुसती प्रस्तावनाच पाच खंडांची! केतकर मात्र यातून श्रीमंत झाले नाहीत. त्यांची पुढची वर्षं ओढाताणीतच गेली.

नंतर वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या संपादनाखाली मराठी विश्वकोश सुरू झाला. त्याचा पहिला खंड १९७६ चा. तिथे खर्च राज्य सरकारचा, म्हणजे तुमच्या-आमच्या घरातून गेलेल्या कराचा. थोडक्यात काय, कोश कुठलाही असो, बिल कुणीतरी भरतंच.

विकिपीडिया इंग्रजीत सुरू झाला १५ जानेवारी २००१ ला आणि मराठीत १ मे २००३ ला, नेमका महाराष्ट्रदिनी. त्याचे लेख लिहिणारी माणसं एक पैसाही घेत नाहीत. कुणी शिक्षक, कुणी विद्यार्थी, कुणी निवृत्त आजोबा. मग देणगी जाते कुठे? ती जाते अमेरिकेतल्या विकिमीडिया फाउंडेशन या ना-नफा संस्थेकडे. दिवसरात्र चालणारे संगणक, ते सांभाळणारे अभियंते, कज्जे निघाले तर वकील, हा सगळा खर्च त्यातून होतो. आशियातल्या वाचकांना पान लवकर दिसावं म्हणून २०१८ पासून सिंगापूरलाही असे संगणक ठेवले आहेत.

"मग जाहिराती घ्याव्यात की!" असं तुमच्यापैकी कुणीतरी नक्की म्हणणार. घेता येतील. पण साखरेने दात किडतात हे ज्या पानावर लिहायचं, त्याच पानाचे पैसे चॉकलेटवाला देत असेल तर? लिहिणाऱ्याचा हात थोडा तरी अडखळेल की नाही? मला वाटतं, लाखो वाचकांनी थोडे थोडे दिलेले पैसे त्यापेक्षा बरे. एवढ्या सगळ्यांचा मिळून दबाव कसा येणार?

आणखी एक गोष्ट मला फार आवडते. हा मजकूर कुणीही नकलून घ्यावा, वाटावा, फक्त मूळ कुठलं ते सांगावं आणि पुढच्यालाही तीच मोकळीक ठेवावी. म्हणूनच 'किविक्स' नावाच्या मोफत सोयीने अख्खा विकिपीडिया एका संगणकात भरून ठेवता येतो. नेट नसलेल्या डोंगरातल्या शाळेतही मग तो उघडतो!

आता मुद्द्याचं. तुम्ही पैसे द्यावेत का? आईबाबांना विचारल्याशिवाय एक रुपयाही नाही! त्यांचं कार्ड किंवा मोबाइल परस्पर वापरायचा नाही, आणि कुणी पाठवलेल्या दुव्यावर तर मुळीच जायचं नाही. देणगीची चौकट वाचून 'उद्या हे बंद पडणार' म्हणून घाबरूही नका. संस्थेकडे वर्षभराच्या खर्चाहून जास्त शिल्लक आहे. घरच्यांना पटलं, तर वाढदिवसाच्या पैशांतले थोडे द्या. नाही दिलेत तरी वाचायला कुणी अडवत नाही.

पण दुसरी देणगी तुमच्याच हातात आहे आणि मराठीला तिची जास्त गरज आहे. मराठी विकिपीडियावर कितीतरी गावांची पानं दोन-चार ओळींतच संपतात. तुमच्या गावचं पान उघडा. नदीचं नाव बरोबर आहे का? बाजार कोणत्या वारी भरतो? किल्ल्याबद्दल ग्रंथालयातल्या एखाद्या पुस्तकात काही सापडलं, तर ते आपल्या शब्दांत लिहा आणि पुस्तकाचं नाव द्या. आजी सांगते ते कितीही खरं असलं तरी तिथे छापील आधार मागतात! तुमचा मजकूर कुणी बदलला तर रुसू नका, पानाच्या 'चर्चा' विभागात जाऊन कारण विचारा. तिथे स्वतःचा पत्ता, फोन मात्र लिहायचा नाही.

आणि हो, तुमच्या गावच्या पानावर काय सापडलं, काय चुकीचं निघालं, ते मला पत्राने नक्की कळवा.