अंथरूण पाहून...

२०२१ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रातल्या अनेक घरांत एक नवी वस्तू आली. बोटाच्या टोकाला चिमट्यासारखी लावायची एक डबी. तिच्या पडद्यावर दोन आकडे उमटत. रक्तातल्या प्राणवायूचा आकडा सारे घर जीव मुठीत धरून पाही. तो ९४ च्या खाली उतरला की धावाधाव सुरू. दुसरा आकडा नाडीच्या ठोक्यांचा; त्याच्याकडे कुणी ढुंकूनही पाहत नसे. साथ ओसरली आणि ती डबी कपाटाच्या खणात जाऊन पडली. आज लिहायचे आहे ते त्या दुसऱ्या आकड्याविषयी.

गोष्ट आमच्याच घरातली आहे. माझ्या पत्नीला त्या वर्षी एप्रिलमध्ये कोविड झाला. ताप चार दिवस, इस्पितळात जावे लागले नाही. ‘थोडक्यात निभावले’ असे सगळे म्हणाले. पण जुलै उजाडला तरी ती पहिल्यासारखी होईना. ओट्याशी उभी राहिली की छातीत धडधड, डोळ्यांपुढे अंधारी. बोलता बोलता साधा शब्द आठवेना. इसीजी झाला, रक्त तपासले. सगळे ठीक निघाले. मग मी नवऱ्याच्या अधिकाराने निदान केले. “अगं, तीन महिने घरात बसून अंग जड झालंय. उद्यापासून टेकडीवर चल, बघ कशी ठणठणीत होशील!” ती आली. त्या दिवशी बरीच चालली, हसलीसुद्धा. तिसऱ्या दिवशी मात्र तिला केस विंचरायला हात उचलवेना. आठवडाभर ती पडून होती, आणि मी मनातल्या मनात म्हणत होतो, एवढ्याशा चालण्याने कुणी आजारी पडते का?

पडते. पुढे एका जाणत्या डॉक्टरांनी तिला दहा मिनिटे आडवे झोपवून नाडी मोजली : ७६. मग भिंतीपाशी नुसते उभे केले. काही मिनिटांत आकडा ११८ वर गेला. डॉक्टर म्हणाले, “यांना काही होत नाही असं आता कुणी म्हणायचं नाही.” तिच्या डोळ्यांत पाणी आले. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच तिच्या बाजूने कुणीतरी बोलले होते. कुणीतरी म्हणजे एक आकडा.

आपण उभे राहतो तेव्हा अर्धा लिटर किंवा त्याहूनही अधिक रक्त पोटाकडे आणि पायांकडे उतरते. आपल्या नकळत काम करणाऱ्या मज्जातंतूंचे एक जाळे त्याच क्षणी रक्तवाहिन्या आवळते आणि मेंदूला रक्त पुरत राहते. कोविडनंतर काहींमध्ये ही व्यवस्था बिघडते. मग कमी पडलेल्या रक्ताची भरपाई हृदय धावून धावून करते. रक्तदाब फारसा न उतरता उभे राहिल्यावर दहा मिनिटांत ठोके ३० किंवा अधिक वाढत असतील, तसे वारंवार होत असेल आणि तक्रारी महिनोन्‌महिने टिकल्या असतील, तर डॉक्टर त्याला ‘पॉट्स’ म्हणतात. हे नाव १९९३ पासून रूढ झाले. दुखणे त्याहून पुष्कळ जुने. अमेरिकेतील यादवी युद्धात जेकब दा कोस्टा या डॉक्टरांनी तीनशेहून अधिक सैनिक तपासले. त्यांतल्या कित्येकांना आधी ताप किंवा अतिसार होऊन गेला होता आणि मागे धडधड व थकवा उरला होता. १८७१ साली त्यांनी या अवस्थेला ‘चिडखोर हृदय’ असे नाव दिले. ‘लाँग कोविड’ हे नाव मात्र डॉक्टरांनी नव्हे, रुग्णांनी दिले. २०२० च्या मे महिन्यात एलिसा पेरेगो या इटालियन पुरातत्त्वज्ञ बाईंनी, स्वतः आजारी असताना, ते प्रथम वापरले. जागतिक आरोग्य संघटनेची व्याख्या यायला ऑक्टोबर २०२१ उजाडले.

थकव्याची गोष्ट आणखी वेगळी. ॲमस्टरडॅमच्या संशोधकांनी लाँग कोविडच्या २५ रुग्णांच्या मांडीतल्या स्नायूचे तुकडे श्रमाआधी व श्रमानंतर तपासले आणि जानेवारी २०२४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. श्रमानंतर त्यांच्या स्नायूंना इजा झालेली होती आणि पेशींमधली ऊर्जा तयार करणारी यंत्रणाही ढासळली होती. म्हणजे श्रमानंतर एक-दोन दिवसांनी कोसळणे हा आळस नव्हे, मनाचा खेळही नव्हे.

आपल्याकडे आजाराशी वागण्याची एक रीत आहे : दुखणे अंगावर काढायचे. घरातली बाई तापातही पोळ्या लाटते, याचे आपल्याला कौतुक. २००६ च्या चिकुनगुनियानंतर सांधे महिनोन्‌महिने धरलेले असतानाही माणसे कामाला जात राहिली. ‘उठून कामाला लागले की बरे वाटते’ हे पुष्कळ दुखण्यांत खरेही आहे. या दुखण्यात मात्र ज्यांना श्रमानंतर कोसळायला होते, त्यांच्या बाबतीत हीच शिकवण घात करते. आणि लाँग कोविड पुरुषांपेक्षा बायकांत अधिक आढळतो, हे ध्यानात घेतले की ही शिकवण कुणाला महाग पडते ते सांगायला नको.

यावर उपाय आपल्या आजीला ठाऊक होता, तिने तो पैशांबाबत सांगितला एवढेच : अंथरूण पाहून पाय पसरावे. शक्तीची मिळकत घटली आहे, तर खर्च तिच्या आत ठेवायचा. उसनवारी केली की सावकार दोन दिवसांनी व्याजासकट वसुली करतो. हा हिशेब नाडीवरून ठेवता येतो. सकाळी अंथरुणातून उठण्यापूर्वी आठवडाभर ठोके मोजावेत, त्यांची सरासरी काढावी. अनेक जाणकार सुरुवातीला त्याहून सुमारे १५ ठोके अधिक ही मर्यादा धरायला सांगतात. सरासरी ७२ असेल तर ८७. उभे राहताच ज्यांची नाडी उसळते त्यांना ही मर्यादा पाळणे अवघड; त्यांनी आपला आकडा डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावा. कामात आकडा मर्यादेपलीकडे गेला की बसायचे, आडवे व्हायचे. काम संपल्यावर नव्हे, काम अर्धे टाकून.

बाकी उपाय साधे आहेत. भाजी ओट्याशी उभे राहून चिरण्यापेक्षा बसून चिरावी. आंघोळ स्टुलावर बसून, फार कढत पाणी न घेता. तारेवर कपडे वाळत घालताना हात वर राहतात आणि ठोके वाढतात, ते काम दुसऱ्याने करावे. जिन्यात प्रत्येक मजल्यावर थांबावे. पाणी भरपूर प्यावे. मीठ वाढवल्याने काहींना बरे वाटते, पण रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी ते परस्पर करू नये. ठोके आवरणारी औषधेही आहेत, ती डॉक्टरांनीच द्यायची. धडधड पंडुरोगाने आणि थायरॉइडनेही होते, तेव्हा त्या तपासण्या आधी हव्यात. छातीत दुखणे, शुद्ध हरपणे, बसल्या जागी दम लागणे असे काही झाले तर वहीत नोंदी करत न बसता तडक रुग्णालय गाठावे.

सर्वांनाच कायम पडून राहा, असे हे सांगणे नाही. ज्यांना श्रमानंतर कोसळण्याचा त्रास नाही, त्यांना बसून वा आडवे राहून करायचे व्यायाम हळूहळू वाढवता येतात. पण कुणाला काय झेपते हे त्याचे शरीर ठरवील. शेजारी नव्हे, आणि नवराही नव्हे.

या आजारात औषधाइतकीच गरज असते ती विश्वासाची. रुग्ण बाहेरून धडधाकट दिसतो. प्लास्टर नाही, टाके नाहीत. म्हणून घरातल्यांनी पोळ्यांचे, कपड्यांचे, जिन्याचे हिशेब नव्याने वाटून घ्यायला हवेत, आणि कार्यालयांनीही बसून करायचे काम, मधली विश्रांती द्यायला हवी. दयेपोटी नव्हे, त्यात माणूस लवकर उभा राहण्याची शक्यता अधिक आहे, म्हणून.

आमच्या घरी ती डबी आता देव्हाऱ्याजवळच्या फळीवर असते. परवा पत्नी आपणहून टेकडीच्या पायथ्यापर्यंत आली. तिथल्या बाकावर बसली, बोटाला डबी लावली, आकडा पाहिला आणि म्हणाली, “आज इथवरच.” “थोडं वर जाऊ या” हे शब्द माझ्या ओठांवर आले होते. ते मी गिळले. तुमच्याही घरात असे कुणी असेल, तर खणातली ती डबी आज बाहेर काढा. आणि त्याआधी, त्या माणसाचे ऐका.