तळघरातील सोळा वादक

न्यूयॉर्कच्या मुक्कामात एका सोमवारी रात्री आम्ही जॅझ ऐकायला क्लबात गेलो होतो, हे परतल्यावर सांगताच आमच्या एका ज्येष्ठ स्नेह्यांच्या कपाळावर आठ्या उमटल्या. ‘आयुष्यभर गायनवृंदात गायलात आणि उतारवयात हे?’ असा त्यांचा सवाल. ‘क्लब’ म्हटले की आपल्या समाजातील सज्जनांना मद्य, धूर आणि अधःपात एवढेच दिसते. त्यांना उत्तर देणे आम्हांस भाग आहे.

तो क्लब म्हणजे ‘व्हिलेज व्हॅनगार्ड’. मॅक्स गॉर्डन यांनी १९३५ साली तो या तळघरात थाटला आणि आजही तो तेथेच आहे. अरुंद जिना उतरून गेले की एक त्रिकोणी खोली लागते; माणसे मावतात अवघी १२३. मद्य मिळते, हे लपविण्याचे कारण नाही. परंतु वादन सुरू असताना कोणी बोलावयाचे नाही, असा तेथील दंडक आहे व तो पाळला जातो. (मिस्सेत प्रवचन चालू असताना आपल्या मागच्या बाकांवर काय चालते, ते वाचक जाणतातच.)

सोमवारची रात्र तेथे मोठ्या वाद्यवृंदाची. थॅड जोन्स आणि मेल लुईस यांनी फेब्रुवारी १९६६ मध्ये पाडलेला हा प्रघात आजही चालू आहे. पाच सॅक्सोफोन, चार ट्रंपेट, चार ट्रॉम्बोन, पियानो, बास आणि ड्रम्स असे सोळा वादक इतके दाटीने बसतात की ट्रॉम्बोनची नळी पुढच्याच्या मानेला लागेल की काय, अशी भीती वाटावी. मध्येच एक जण उठतो, समोरचा कागद सोडून त्या घटकेला सुचेल ते वाजवू लागतो. आणि उरलेले त्याला आधार देत कान देऊन ऐकतात. एकदा एका वयस्क सॅक्सोफोनवादकाने सूर इतका खाली आणला की श्वासाचा आवाज तेवढा उरला. शेजारच्या टेबलावरील तरुणाने हातातला पेला खाली ठेवायचेही टाळले. अशी शांतता आम्ही देवळातही क्वचितच अनुभवली आहे.

हे संगीत ख्रिस्ती माणसाला शोभत नाही, असे म्हणणाऱ्यांनी मेरी लू विल्यम्स या पियानोवादिकेचे चरित्र वाचावे. १९५४ साली तिने वादन सोडले, प्रार्थनेत दिवस घालविले आणि १९५७ मध्ये ती कॅथलिक झाली. ‘तुझे वादन हीच तुझी प्रार्थना’ अशी तिची समजूत घालून तिला पुन्हा पियानोकडे वळविले ते धर्मगुरूंनीच! पुढे तिने संत मार्टिन द पोरेस यांच्यावर गीत रचले आणि १९७५ साली तिची जॅझ मिस्सा न्यूयॉर्कच्या सेंट पॅट्रिक कॅथीड्रलमध्ये झाली. १९०३ साली पोप दहावे पायस यांनी देवळात पियानो वाजविण्यासच मनाई केली होती, हेही येथे नमूद करतो.

आणि हे सारे आपल्याला परके कसे? गोव्यातील धर्मग्रामांच्या शाळांतून मुलांना स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकविले जाई. त्या भूमीतील वादकांनी मुंबईच्या हॉटेलांत जॅझ वाजविले आणि हिंदी चित्रपटांचे वाद्यवृंद उभे केले. ‘अलबेला’ (१९५१) चित्रपटाच्या गाण्यांना आपण माना डोलावतो; त्यांमागे हळदोण्याच्या चिक चॉकलेट यांचा हात होता.

आमच्या स्नेह्यांना अधःपातच शोधावयाचा असेल तर तो आपल्या लग्नमंडपांत शोधावा. तेथे भिंतीएवढे कर्णे लावून एक पोरगा बटणे दाबतो, शेजाऱ्याशी बोलायचे तर ओरडावे लागते, आणि यास आपण ‘संगीत’ म्हणून हजारो रुपये मोजतो. देवळातही तालाची यांत्रिक पेटी आली. ती चुकत नाही, थकत नाही आणि नवा पोरगा तिच्या शेजारी बसून काही शिकतही नाही. ज्यांनी मिरवणुकीत आणि मयताला वाजविले, ते बँडवाले घरी बसले.

त्यांपैकी एका वृद्ध ट्रंपेटवादकाची आम्ही परवा मुद्दाम भेट घेतली. ट्रंपेट माळ्यावर आहे, म्हणाले. विचारायला कोणी आले नाही.